शाळेच्या साड्या अक्कांच्या घरी

गेल्या मंगळवारी सकाळी बेळगावात टिळकवाडीच्या घरी वहिनीचं आणि माझं वाजलं. खरं तर आवाज माझाच चढला, ती बिचारी घाईत होती. खानापूरच्या एका पतसंस्थेत ती काम करते. तिथल्या बायकांना एकसारखी मोरपंखी साडी आहे आणि आमच्या तीन वर्षांच्या भाच्याला त्या साडीचा अर्थ पक्का माहीत आहे. मोरपंखी साडी दिसली की आई निघाली. म्हणून रोज सकाळी आठच्या सुमाराला बाबा त्याला कडेवर घेऊन दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी बघायला नेतात. तेवढ्यात वहिनी साडी नेसते, डबा भरते, चपला हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर पडते आणि पन्हाळीखालून धावत बसस्टॉप गाठते.

मी म्हटलं, "वहिनी, हे चुकतंय. त्याला सांगून जा."

ती म्हणाली, "ताई, बस चुकली तर अर्धा दिवस जातोय की."

पंधरा मिनिटांनी बाबा परत आले. भाच्यानं गाडीचं सगळं वर्णन केलं, डबे मोजून दाखवले. मग तो स्वयंपाकघरात डोकावला. मोरीच्या दाराला कान लावला. मग मधल्या खोलीत जाऊन खुंटीकडे बघत उभा राहिला. खुंटीवर वहिनीची पर्स असते. ती नव्हती. तो रडला नाही. खुंटीखाली भिंतीला पाठ लावून बसला आणि शर्टाचं खालचं बटण काढत-लावत राहिला. मला ते बघवेना, आणि मी दिवसभर घरात व्याख्यान दिलं.

व्याख्यान कशाचं, तर माझ्या मुलीच्या किटाचं. जर्मनीतल्या पाळणाघर-बालवाडीला आम्ही सगळे किटाच म्हणतो. ऑगस्टमध्ये आमची किटा तीन आठवडे बंद असते, म्हणून तर दोन्ही पोरांना घेऊन मी ऐन श्रावणातल्या पावसात बेळगावला आले. मुलगी तिथं जायला लागली ती सव्वा वर्षाची असताना. पहिले तीन दिवस मी तिच्याबरोबर तासभर नुसती बसायचे. चौथ्या दिवशी पहिल्यांदा तिला सोडून खोलीबाहेर जायचं. बर्लिन पद्धत म्हणतात तिला, बऱ्याच किटांत तीच चालते. तिसऱ्या दिवसापर्यंत कुणी मूल आईपासून वेगळं करायचं नाही, आणि चौथा दिवस सोमवार असला तर तो प्रयोग मंगळवारवर ढकलायचा, कारण शनिवार-रविवारनंतर मूल पुन्हा आईला चिकटलेलं असतं. एवढा विचार सव्वा वर्षाच्या जिवाचा कुणी केलेला मी तोवर पाहिला नव्हता.

त्या चौथ्या दिवशी मला तिथून थेट कामावर जायचं होतं. मी ओतकामाचे सुटे भाग तपासणाऱ्या विभागात आहे. अंगात कंपनीचं गडद निळं जाकीट, पायात लोखंडी टोकाचे बूट. मुलगी ठोकळ्यांत रमली होती. मी आपल्या सवयीनं, म्हणजे आपल्याकडच्या सवयीनं, हळूच उठले आणि दाराकडे सरकले. तिथल्या बाईंनी माझ्या दंडाला हात लावला. आवाज अगदी हळू, पण शब्द स्पष्ट. "असं नाही. तिला सांगा, मग जा."

मी परत गेले, गुडघ्यावर बसले, मराठीत सांगितलं, "मी बाहेर जाते, थोड्या वेळानं येते." तिनं माझ्या जाकिटाची चेन धरली. दोन्ही मुठींनी. बाईंनी एकेक बोट सोडवून तिला उचललं आणि खिडकीशी नेलं. तिथं बऱ्याच किटांत अशी एक खिडकी ठरलेली असते, आईबापांना हात हलवायची. मी बाहेरून हात हलवला. ती काचेला गाल चिकटवून रडत होती, काचेवर तिच्या श्वासाची वाफ येत होती. ती दहा मिनिटं मी बाहेरच्या सायकलींच्या शेडमध्ये उभी होते. त्या बाईंचा मला इतका राग आला होता की सांगता येत नाही. माझं लेकरू आहे, कसं सोडायचं ते मला कळत नाही का?

महिनाभरानंतर मुलगी स्वतःच खिडकीशी जाऊन उभी राहायला लागली. बाईंनी एकदा समजावून सांगितलं ते असं : जी आई न सांगता जाते, तिचं मूल आई समोर असतानाही निश्चिंत खेळत नाही, कारण ती कधीही नाहीशी होऊ शकते. जी सांगून जाते, तिचं मूल रडतं, पण तिच्याकडे पाठ करून खेळू शकतं. हे वाक्य मी त्या दिवसापासून उराशी धरून आहे. वहिनीला मंगळवारी तेच ऐकवलं, आईला ऐकवलं, संध्याकाळी भेटायला आलेल्या मावशीलाही ऐकवलं.

मावशी म्हणाली, "सव्वा वर्षाच्या पोरीला परक्या बायकांकडं टाकायचं, आणि वर आम्हांला शिकवायलीस?"

हे मला लागलं. बेळगावला आलं की हे कुणी ना कुणी म्हणतंच, आणि दरवेळी लागतं. म्हणून एकदा लिहूनच टाकते. मी मुलीला टाकलेली नाही. पहिलं वर्षभर मी घरी होते, त्यातले दोन महिने नवराही होता. दोघं मिळून चौदा महिने पालकभत्ता मिळतो, पण त्यातले दोन दुसऱ्या पालकानं घेतले तरच. मूल आजारी पडलं तर वर्षाला प्रत्येकी 15 दिवस वेगळी रजा मिळते, माझी वेगळी, नवऱ्याची वेगळी, मुलगा-मुलगी दोघांसाठी वेगवेगळी. मी आठवड्याला 32 तास काम करते, 40 नाही, आणि कुणी भुवया उंचावत नाही. हे सगळं तिथल्या कायद्यात आहे, कुणा साहेबाच्या मेहरबानीवर नाही. आपल्याकडे 2017 पासून बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली, ती मोठीच गोष्ट, पण पाळणाघर ठेवायची सक्ती पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणीच. वहिनीच्या पतसंस्थेत माणसं नऊ. रजा संपल्यावर तिला काय? बाबा आणि दुसरं रेल्वे गेट.

तिकडचंही सगळं गोड नाही. 1 ऑगस्ट 2013 पासून तिथं वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा किटाच्या जागेवर कायद्यानं हक्क आहे, तरी आम्हांला जागेसाठी सात महिने ताटकळावं लागलं. सकाळी अकराला फोन येतो, मुलीला ताप आहे, घेऊन जा. तेव्हा मी कुणाला फोन करू? वरच्या मजल्यावर कुणी काकू नाही, गल्लीत कुणी आजोबा नाहीत. जाकीट काढायचं, बूट बदलायचे, ट्रेन पकडायची. आणि कपड्यांचं तर विचारू नका. माझ्या कामाच्या कपड्यांपेक्षा पोरांच्या कामाच्या कपड्यांना जास्त वेळ जातो : चिखलात खेळायची रबरी पँट, गमबूट, आतले जोडे, बदलायचे दोन जोड, प्रत्येकावर नाव. मोज्यांवरसुद्धा. रविवारी रात्री मी डायनिंग टेबलावर बसून मोज्यांवर नाव लिहिते.

फॉर्मांचा मात्र मला कधी बाऊ वाटला नाही. माझ्या ऑफिसातल्या पुण्याच्या मैत्रिणी जर्मन फॉर्म बघून रडकुंडीला येतात. आम्ही सीमाभागातले. घरात मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, कॉलेजात इंग्रजी, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. आईची नोकरी मराठी प्राथमिक शाळेत, पण वरून येणारी परिपत्रकं कन्नडमध्ये. ती रात्री कंदिलाजवळ, म्हणजे वीज गेलेली असली की कंदिलाजवळ, बोट ठेवून ती वाचायची आणि अडलं की शेजारच्या अक्कांना हाक मारायची. सरकारी कागद मराठीतून मिळायला हवा हा आमचा हक्क आहे आणि तो मागत राहू. पण समोर आलेला कागद वाचून काढायची ताकद आम्हांला या मातीनं दिली, हेही तितकंच खरं.

तर अक्का. आता मूळ गोष्टीकडे येते.

मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर आई मेथी निवडत बसली होती. माझं व्याख्यान तिनं दिवसभर ऐकलं होतं, एक शब्द बोलली नव्हती. मान खाली ठेवूनच म्हणाली, "मी हिला सांगितलं होतं, साडी वरच्या काकूंकडं ठेव म्हणून. ऐकत नाही. घरात नेसली की पोरगं ओळखतंयच."

मी विचारलं, "म्हणजे?"

"मी अक्कांकडं ठेवत होते ना."

मला पस्तीस वर्षांत हे माहीत नव्हतं. आईची शाळा नंदगडच्या बाजूला. सकाळी बेळगावहून खानापूरची बस, खानापूरला उतरून दुसरी. माझ्या वेळी तिला तीन महिन्यांची रजा मिळाली. मी दीड वर्षाची झाले आणि साडी ओळखायला लागले. शाळेच्या चार साड्या होत्या, शहापुरात घेतलेल्या, फुलाफुलांच्या. मी त्यातली कुठलीही दिसली की निऱ्या धरून लोळण घ्यायचे. मग आईनं चारही साड्या, परकर, ब्लाऊज, सेफ्टी पिनांची डबी, सगळं अक्कांच्या कपाटात नेऊन ठेवलं. सकाळी घरच्या जुन्या पातळात, हातात धुण्याची बादली घेऊन ती बाहेर पडायची. बादली बघून मी काही म्हणायचे नाही. अक्कांच्या घरी जाऊन साडी बदलायची, बादली तिथंच ठेवायची आणि मागच्या गल्लीतून बसला. थोड्या वेळानं अक्का ती बादली घेऊन आमच्याकडे यायच्या आणि मला म्हणायच्या, "बा इल्ली." ये इकडे. संध्याकाळी सगळं उलट. आई अक्कांकडे साडी सोडायची, पातळ नेसायची, ओले हात पदराला पुसत घरात यायची. जणू दिवसभर धुणंच धूत होती.

"तुला कधी कळलंच नाही," आई म्हणाली. "अभिमानच वाटायचा मला त्याचा."

मी गप्प बसले. मला त्यातलं काही आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की आईनं बादली उचलली की पोटात काहीतरी व्हायचं. अजूनही मोरीतून बादली ओढल्याचा आवाज आला की मी मान वळवून बघते. हे मी आईला सांगितलं नाही. कसं सांगणार? पावसाळ्यात दोन बसा बदलून ती पन्नास पोरांना बाराखडी शिकवायची, तिच्याकडे दुसरा कुठला मार्ग होता? माझ्या जर्मन बाईंकडे दहा मुलं, तीन माणसं आणि आईला शेडमध्ये दहा मिनिटं थांबवायची मुभा होती. आईकडे अक्का होत्या. अक्कांना कुणी पगार देत नव्हतं. त्यांच्या कडेवर मी कन्नड शिकले, त्यांच्या ताटात जेवले, "ऊट आयता", म्हणजे जेवण झालं का, हा प्रश्न मला आजही मराठीच वाटतो.

बाबांचंही तेव्हा आठवलं. ते उद्यमबागच्या फाउंड्रीत होते. संध्याकाळी आले की सायकल लावून सरळ परसात जायचे. कपड्यांत वाळू आणि काजळी. मी धावले की दोन्ही हात वर करायचे, "हात लावू नको, हात लावू नको," आणि आंघोळ करून, बनियन घालूनच मला उचलायचे. आज मी फाउंड्रीचेच भाग तपासते, आणि माझं निळं जाकीट किटात मुलीच्या गादीवर आहे. दुपारी ती त्याची बाही धरून झोपते. बाईंनीच सुचवलं होतं, आईच्या वासाचं काहीतरी ठेवा. मी दुसरं जाकीट मागून घेतलं.

बुधवारी वहिनीनं माझं ऐकलं. मोरपंखी साडीतच भाच्यासमोर बसली, म्हणाली, "मी बँकेत जाते, पाच वाजता येते." त्यानं असा टाहो फोडला की शेजारी खिडकीत आले. वहिनीची बस चुकली. कर्नाटकात महिलांना बसप्रवास फुकट झाला 11 जून 2023 पासून, पण त्यामुळे गर्दी इतकी, की एक बस गेली की पुढच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ती पाऊण तास उशिरा पोचली आणि तिचा अर्धा दिवस कापला. मी पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत. गुरुवारी बाबा पुन्हा भाच्याला घेऊन गेटवर गेले. मी काही बोलले नाही. पण शुक्रवारी वहिनी गेटवरूनच वळसा घालून गेली. बाबांच्या कडेवरून त्यानं तिला साडीत बघितलं, तिनं हात हलवला, तो रडला, तेवढ्यात गाडी आली. आज सोमवार. अजून तसंच चाललंय. बस मिळते.

आमची गाडी शुक्रवारी पहाटे, गोव्याच्या विमानतळासाठी. आई दरवेळी म्हणते, पोरांना झोपेतच उचलून गाडीत घाला, आणि आम्ही निघताना ती स्वतः स्वयंपाकघरात असते, गेटपर्यंत कधी येत नाही. यंदा मी मुलीला आधीच सांगून ठेवलंय, अजून चार रात्री. आज दुपारी आईनं तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कधी निघायचं गे?" मुलीनं चार बोटं पुढे केली. आईनं ती हातात धरली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग करंगळी हळूच दुमडली आणि म्हणाली, "उद्या एवढीच."