काळ्या बाजूची पांढरी प्यादी

स्टार वॉर्स या अवकाशातल्या युद्धाच्या चित्रपटमालिकेतल्या पात्रांचा बुद्धिबळाचा संच करायचं मनात घेतलं, तेव्हा वाटलं होतं की नाकडोळे जमले की काम झालं. प्रत्यक्षात मातीला हात लागायच्या आधीच आठवडा गेला, तो कोणाला कोणतं मोहरं करायचं या वादात. वाद अर्थात माझा माझ्याशीच.

वजीर मात्र लगेच ठरला. इंग्रजीत या मोहऱ्याला राणी म्हणतात. सम्राटाचा उजवा हात असलेला खलनायक डार्थ व्हेडर, त्याला राणी करायचं धाडस माझ्यात नव्हतं. मराठीत तो मुळातच वजीर! काळा राजा म्हणजे दुष्ट साम्राज्याचा सम्राट; तो हललाच तर एक घर हलणार. धावपळ, दहशत, गळे आवळणं हे सगळं वजिराकडे. समोरची वजिरी बंडखोरांच्या राजकन्या लेयाला दिली. तिकडचा राजा कथेचा नायक ल्यूक, कारण तो पडला तर गोष्टच संपते.

हत्तींचा प्रश्न कथेनंच सोडवला. डेथ स्टार म्हणजे साम्राज्याचं चंद्राएवढं गोल अवकाशस्थानक; १९७७च्या चित्रपटात एक, १९८३च्या चित्रपटात दुसरा, तोही अर्धवट बांधलेला. हत्तीही दोनच लागतात. त्यामुळे माझा एक हत्ती पूर्ण गोल आणि दुसरा उंदरानं कुरतडल्यासारखा आहे. बघणारे विचारतात, हा फुटला का?

उंचीनं मात्र छळलं. स्पर्धेच्या पटासाठी फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, सुचवलेलं माप म्हणजे राजा ९.५ सेंटिमीटर, वजीर ८.५. इथे वजीर ताडमाड आणि राजा पाठीत वाकलेला म्हातारा. शेवटी सम्राटाला सिंहासनावर बसवलं आणि खाली दोन पायऱ्या चढवल्या. सत्तेत उंची अशीच येते म्हणा.

एक चूक उशिरा कळली. स्टाँटन पद्धतीच्या, म्हणजे स्पर्धांत दिसणाऱ्या, १८४९पासून चालत आलेल्या मोहऱ्यांमध्ये घोडा सोडला तर कुणालाच चेहरा नसतो. म्हणून तर घड्याळाचे शेवटचे काही सेकंद उरले तरी हात बरोबर उंटावर जातो. माझ्या संचात ल्यूकचे गुरू ओबी-वान आणि योदा हे दोघंही उंट आहेत, हे खेळणाऱ्याला दर डावात नव्यानं सांगावं लागतं.

मग रंग. सम्राटाचे शिपाई, म्हणजे स्टॉर्मट्रूपर, नखशिखांत पांढरे, आणि ते काळ्या बाजूचे! त्यांना काळं रंगवून पाहिलं; ओळखू येईनात. म्हणून नियम केला की मोहऱ्याची बाजू अंगावरून नाही, तळाच्या चकतीच्या रंगावरून ओळखायची. एकतीस चकत्या रंगवून झाल्या.

बत्तिसावी व्हेडरची. १९८३च्या त्या शेवटच्या प्रसंगात तो स्वतःच्याच सम्राटाला उचलून खोल विवरात फेकतो. वजिरानं आपलाच राजा मारायची चाल बुद्धिबळात नाही. त्याची चकती अजून कोरीच आहे. ब्रश दोनदा काळ्या रंगात बुडवला आणि दोनदा धुऊन ठेवला.