कुंदा सध्या आमच्याकडं असते

कुत्रं पाळणारा माणूस लोकांना कळतो, कुत्र्याला दगड मारणाराही कळतो, पण दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं म्हणून कुत्रं घरात आणायचं, त्याचं औषधपाणी करायचं, त्याला वळण लावायचं आणि नेमकं ते रुळलं की देऊन टाकायचं, हा उद्योग आमच्या बेळगावच्या वडगावात अजून कुणाच्या डोक्यात शिरलेला नाही. समोरचे दाजी दिसतील तेव्हा विचारतात, "काय ओ, अजून हाय काय ते?" आहे म्हटलं की मान हलवतात. मग दुसरा प्रश्न, "मग ठेवूनच का घेत नाही?" या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते गेटावर उभं राहून द्यायजोगं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमच्याकडं सध्या कुंदा आहे. हायवेच्या सर्व्हिस रोडला मागचा पाय मोडून पडलेली, प्राण्यांसाठी धडपडणाऱ्या इथल्या पोरांनी उचलली, पाय जुळला, नसबंदीचं ऑपरेशन झालं, रेबीजची लस झाली, त्याची खूण म्हणून कानाला खाच पाडली, पण घर काही मिळेना आणि पोरांकडं जागा ती किती असणार. मग घर मिळेपर्यंत कुणीतरी सांभाळायचं, त्याला फोस्टर म्हणतात, ते कुणीतरी म्हणजे मी. रंगावरून पोरांनी नाव ठेवलं कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, बेळगावात तपकिरी रंगाला दुसरं काय सुचणार म्हणा. अडचण एवढीच की आमच्या गल्लीत त्याच नावाच्या एक काकू आहेत, त्यामुळं रात्री अकराला गॅलरीतून "कुंदा, आत ये" म्हणून ओरडायची पंचाईत.

लांब पाय, निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट. त्यामुळं बघायला येणारा माणूस आधी विचारणार, "मुधोळ हाय काय?" मुधोळ आमच्यापासून काय लांब नाही, शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, तिथल्या घोरपडे राजांनी ही शिकारी जात नावारूपाला आणली, २००५ साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं, पुढं लष्करानं घेतलं, २०२० मध्ये मन की बातमध्ये नाव आलं, त्यामुळं आमच्या भागात प्रत्येक हडकुळं कुत्रं थोडा वेळ तरी मुधोळ असतं. कुंदा मुधोळ नाही. ती उपाशी होती म्हणून पोट आत गेलेलं. आता बरगड्या झाकल्यात तसा तो प्रश्नही कमी झालाय, आणि प्रश्न कमी झाला तशी बघायला येणारी माणसंही कमी झालीत, हे मात्र खरं.

ट्रेनिंगवाले तीन-तीन-तीन असा एक हिशोब सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रं बिचकलेलं असतं, तीन आठवड्यांत त्याला घराचा रोजचा क्रम कळतो आणि तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. ढोबळच आहे, कुत्रं काय कॅलेंडर बघत नाही. पण फोस्टरची गोची इथंच आहे बघा, घर आपलं वाटायला लागतंय तोवर त्यानं तिथून गेलेलं बरं, म्हणजे आपण जे शिकवायचं ते या घराला चिकटलेलं नको, सोबत नेता येईल असं पाहिजे.

आली तेव्हा आईच्या शिलाई मशीनखाली जाऊन बसली, पायट्याला चिकटून. हातात उकडलेलं चिकन धरून मी फरशीवर बसलो तर ती तोंड दुसरीकडं करून जांभया द्यायची. झोप आली म्हणून नाही, कुत्रं घाबरलं की जांभई देतं, उगाच ओठ चाटतं, डोळ्याच्या कडेनं पांढरं दाखवत बघतं. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो "बघ कशी निवांत आहे" आणि हात पुढं करतो आणि मग चावलं म्हणून बोंब. मी तिच्याकडं पाठ केली, तुकडा मागं ठेवला आणि मोबाईल बघत बसलो. बऱ्याच वेळानं नखांचा टकटक आवाज, मग काही नाही, मग तुकडा गायब. माझ्या बोटांतून तुकडा घ्यायला तिला पुढं बराच काळ लागला आणि घेतला तेव्हासुद्धा पुढचे दात इतके हळू लावले की तुकडा सुटला कधी ते कळलंच नाही.

पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की तिथून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे बघेल ऐकेल ते त्याला पुढं साधं वाटतं, त्यानंतर आलेल्या गोष्टीवर मात्र संशय. कुंदा रस्त्यावर वाढली, त्यामुळं लॉरीनं कानाशी हॉर्न मारला तरी ढिम्म, पण छताचा पंखा फिरायला लागला की ही भिंतीला. कुकर, मिक्सर, हेल्मेट घातलेला माणूस, जिना, सगळे दुश्मन. मागांची मात्र मला भीती होती, वडगावात सकाळपासून पॉवरलूमची खटाखट, नवीन माणसाचं डोकं उठतं. तर तिला ती इतकी अंगवळणी पडली की आता करंट गेला आणि माग बंद पडले की ही झोपेतून उठून दारात जाऊन उभी, काय झालं म्हणून. हे मी शिकवलेलं नाही, आणि हे नवीन घरी कामाचंही नाही, तिथं काय माग असणार आहेत थोडेच.

शिकवायला सुरुवात केली बसण्यापासून. हे सगळ्यात सोपं म्हणतात, तुकडा नाकासमोरून वर नेला की मान वर जाते आणि बूड आपोआप खाली येतं. कुंदाचं बूड खाली यायचं पण टेकायचं नाही. फरशीच्या दोन बोटं वर तरंगत राहायची, मागचे पाय थरथरत, नजर तुकड्यावर. जुळलेला पाय गुळगुळीत फरशीवर सरकतो हे लक्षात आलं तेव्हा मी जुनी सतरंजी घडी करून टाकली, तर त्यावर बाई धपकन बसल्या. तिथून सगळं ट्रेनिंग सतरंजीवर. सतरंजी टाकली की जाऊन बसायचं, बसलं की मिळणार. तुकडा हरभऱ्याएवढा, त्याच्यापेक्षा मोठा नको नाहीतर दहा वेळात पोट भरतं, आणि द्यायचा तो बूड टेकल्या क्षणी, खिसा चाचपत बसलात तर तोवर ती उठलेली असते आणि आपण तिला उठल्याचं बक्षीस देतो. कुकर लावायचा असला की आधी सतरंजी, पाहुणे आले की सतरंजी, डॉक्टरकडं टेबलावर सतरंजी. मला हेच हवं होतं. घर बदललं, माणसं बदलली, तरी घडी करून पिशवीत घालून देता येतं असं काहीतरी.

हुकूम कुठल्या भाषेत द्यायचे हा एक घोळ होता. घरात मराठी, शेजारी कन्नड, दूधवाले मामू हिंदी-उर्दू, डॉक्टर इंग्लिश, आणि कुंदाला या सगळ्या भाषांत हाकलून दिलेलं आधीपासून कळतं. ती जाणार निपाणीला, हुबळीला का चोर्ला घाट उतरून गोव्यात, कुणाला माहीत. म्हणून सगळं हातावर शिकवलं, तळहात वर बस, तळहात समोर थांब, मांडीवर थाप ये. तसंही कुत्रं आपल्या तोंडापेक्षा हाताकडं जास्त बघतं. भाषेचा प्रश्न निदान एवढ्या एका पातळीवर तरी आमच्या घरात मिटला म्हणायचा.

खरा त्रास कुत्र्याला शिकवण्यात नाहीच, घरच्यांना शिकवण्यात आहे. आई जेवताना ताटातला जोंधळ्याच्या भाकरीचा तुकडा हळूच खाली सोडायची. स्वतःचं कुत्रं असतं तर मी काही बोललो नसतो, आपलं ताट, आपलं कुत्रं. पण उद्या ती दुसऱ्याच्या ताटाला नाक लावणार, ती माणसं म्हणणार हे कसलं कुत्रं दिलं, आणि चार दिवसांत परत आणून सोडणार. असं होतं, बरंच होतं, आणि परत आलेल्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं आणखी अवघड. आईला म्हटलं भाकरी घाल पण तिच्या भांड्यात घाल आणि आपलं जेवण झाल्यावर घाल. "म्हणजे आता मला पण शिकवालास काय?" म्हणाली. पण ऐकलं. कांदा-लसूण घातलेलं काही नाही हे तिला पटलं, द्राक्षं आणि मनुके विषारी हे पटायला वेळ लागला, अथणीकडून बेदाणा येतो आमच्याकडं डबा भरून, तो पौष्टिक म्हणून नातवंडांना मूठमूठ देणाऱ्या बाईला कुत्र्याची किडनी त्यानं जाऊ शकते हे कसं पटणार. शेवटी डॉक्टरांकडून फोनवर वदवून घेतलं.

एकटं राहायला शिकवणं हा तर गल्लीचा करमणुकीचा कार्यक्रम झाला. कुत्र्याला एकदम चार तास कोंडून गेलात तर ते दार खरवडतं, रडतं, म्हणून आधी नुसतं बाहेर जाऊन आत यायचं, मग कुलूप लावून लगेच काढायचं, मग जरा थांबून. तर मी चप्पल घालतो, किल्ली घेतो, कुलूप लावतो, उघडतो, आत जातो, परत बाहेर येतो. दाजींनी चहाचा कप घेऊन कट्ट्यावर बसून हे सगळं बघितलं आणि शेवटी न राहवून म्हणाले, "कुलूप खराब झालंय काय ओ?"

आवाजाचंही तसंच, हळूहळू. आमच्याकडं शिवजयंती तिथीनं होते, वैशाखात, आणि मग चित्ररथांची मिरवणूक रात्रभर, गणपतीत डीजे वेगळा, दिवाळीला फटाके. त्यामुळं तिचं जेवण चालू असताना मोबाईलवर ढोल-ताशा लावायचा, अगदी बारीक, ती जेवायची थांबली नाही तर दुसऱ्या दिवशी एक रेघ वाढवायची, थांबली तर कमी करायचं. घाई केली की सगळं मुसळ केरात. फटाक्यांपर्यंत आम्ही अजून आलेलो नाही.

मधे २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये टाकायला सांगितली तेव्हा गल्लीत दोन दिवस तोच विषय, "आता हिला पण उचलणार काय?" मग ११ तारखेचा तो आदेश २२ तारखेला बदलला, नसबंदी आणि लस देऊन जिथून उचललं तिथंच सोडा, रेबीज झालेली आणि अंगावर येणारी तेवढी सोडू नका. त्याच आदेशात एक बारीक गोष्ट होती, तिच्यावर कुणीच बोललं नाही. ज्याला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यानं अर्ज करावा, पण एकदा घेतलं की ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. मला विचाराल तर सगळा खेळ या शेवटच्या वाक्याचा आहे. घेणारी मिळतात हो, ठेवणारी शोधायला लागतात.

आणि शोधणं म्हणजे नाही म्हणणं. एकाला शेतावर राखणीला पाहिजे होती, दिवसरात्र साखळीला. एकाला पाहिजे होती पण कुत्रा पाहिजे होता, कुत्री नको, पिल्लं होतात म्हणे, ऑपरेशन झालंय सांगितलं, कानाची खाच दाखवली, तरी नको. एक जोडपं छान होतं, सगळं पसंत, जाता जाता म्हणाले रात्री गच्चीवर राहील ना. बेळगावचा पाऊस आणि गच्ची. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पोरीला स्थळं बघितल्यागत करालाय की तुम्ही." मला ही उपमा अजिबात पटत नाही. पोरगी दिवाळीला माहेरी यावी म्हणून आपण वाट बघतो, आणि कुंदा या घरी परत आली तर त्याचा अर्थ सगळं फसलं. दाजींच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. ठेवून घ्यायला काय, आत्ता घेईन, पण मग शिलाई मशीनखालची जागा कायमची भरली आणि सर्व्हिस रोडवरचं पुढचं कुत्रं कुठं ठेवायचं?

येत्या रविवारी बैलहोंगलहून एक बाई येणार आहेत, शाळेत शिक्षिका, सोबत सासरे घरी असतात, बंद कंपाउंड आहे, आधीचं कुत्रं म्हातारं होऊन गेलं, फोनवर पहिला प्रश्न मुधोळ हाय काय असा नव्हता, जेवण किती वाजता देता असा होता. घर बघून आलो, आवडलं. आता त्यांना द्यायला एक कागद तयार करतोय, लेक कन्नडात लिहितेय कारण माझं कन्नड भाजी बाजारापुरतं. जेवण सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, मनुके नाहीत, कांदा नाही, जिन्यावर ओढू नका, पंखा एक नंबरवर, लसीची पुढची तारीख, पहिले काही दिवस गेटाबाहेर पट्ट्याशिवाय नाही, कितीही ऐकते असं वाटलं तरी नाही. शेवटचा मुद्दा आला, सतरंजी धुऊ नका, निदान महिनाभर. लेक पेन थांबवून म्हणाली, "बाबा, हे लिहिलं तर त्या म्हणतील किती घाण माणसं आहेत." लिही म्हटलं, आणि खाली दोन रेघा मार.