ह्युरॉनमधली बुडालेली जहाजं: आधी खोली ठरवा, मग बोट

मिशिगनमधलं अल्पीना हे ह्युरॉन सरोवराच्या काठावरचं गाव, डेट्रॉइटहून गाडीने साधारण चार तासांवर. समोरचं थंडर बे हे अमेरिकेचं गोड्या पाण्यातलं पहिलं राष्ट्रीय सागरी अभयारण्य. ते २००० साली जाहीर झालं आणि २०१४ मध्ये ४,३०० चौरस मैलांपर्यंत वाढवलं गेलं. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा या पाण्यात जगत नाही आणि तळाला थंडीही भरपूर, त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीची लाकडी जहाजंही इथे ओळखू येतील अशी उभी आहेत. जहाजांवर शिंपल्यांचा थर मात्र बसलेला असतो. तेव्हा नावाच्या पाट्या वाचायला मिळतील ही आशा सोडा.

ही जहाजं बघायला डायव्हिंग करणारे बरेचजण आधी बोट बुक करतात आणि मग ‘कुठे नेणार?’ म्हणून विचारतात. उलट करा. तुमचं प्रशिक्षण किती फुटांपर्यंतचं आहे, त्यावरून आधी जहाज ठरवा. १९६६ साली खडकावर चढलेलं ‘नॉर्डमीर’ चाळीस फुटांत आहे, पहिल्या दिवसासाठी उत्तम. ‘मोंटाना’ सत्तर फुटांच्या आसपास. १९१४ साली ते जळालं, पण त्याचं इंजिन तळातून मनोऱ्यासारखं वर आलेलं आहे. ‘ग्रीशियन’ आणि ‘ई. बी. ॲलन’ शंभर फुटांवर. ‘प्युआबिक’ १६५ फुटांवर, तिथे डीकम्प्रेशनचं, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने थांबण्याचं, प्रशिक्षण नसेल तर जाऊच नये. उत्तरेला मॅकिनॉच्या सामुद्रधुनीत ‘सीडरव्हिल’ आहे, ५८८ फूट लांबीचं, १९६५ साली धुक्यात टक्कर होऊन बुडालेलं. तळ शंभर फुटांच्या थोडा पुढे, पण वरची बाजू चाळीस फुटांच्या आतबाहेर, म्हणून ते सोपं वाटतं. तसं ते नाही. जहाज जवळपास पालथं पडलंय. आत शिरलात तर छत कुठलं आणि जमीन कुठली हेच कळेनासं होतं.

आता बोट. सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या बोटीला तटरक्षक दलाची तपासणी लागत नाही, पण कॅप्टनकडे परवाना हवाच. सहाहून अधिक असतील तर बोटीचंही तपासणी प्रमाणपत्र लागतं, ते बघायला मागायला लाजू नका. फोनवर चार गोष्टी विचारा. डायव्हर पाण्यात असताना बोटीवर कोण थांबतं? ऑक्सिजन किट आहे का? लाटा किती फुटांच्या झाल्या की फेरी रद्द होते, आणि पैशांचं काय? त्या जहाजावर मूरिंग बॉय, म्हणजे बोट बांधायचा तरंगता गोळा, लागलाय का? बॉय हंगामापुरतेच असतात, आणि जिथे बॉय आहे तिथे जहाजावर नांगर टाकायला मनाई आहे. चौथ्या प्रश्नाला अडखळणारा कॅप्टन तिथे फारसा जात नाही असं समजा.

बुकिंग किमान तीन दिवसांचं करा. अल्पीनाला सरोवर पूर्वेकडे आहे, त्यामुळे पश्चिमेच्या वाऱ्यात किनाऱ्याजवळ पाणी बरं असतं. पूर्वेचा वारा सुटला की आखूड, उभ्या, लागोपाठच्या लाटा येतात. तीन फुटांच्या लाटेत ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) आणि टँकसकट शिडी पकडणं म्हणजे शिडी तुम्हाला मारते.

मालवण-तारकर्लीला शिकलेल्यांनी इथे एक हिशेब नव्याने करावा. गोड्या पाण्यात तरंगणं कमी, म्हणजे सामानासह शंभर किलोच्या डायव्हरला बुडण्यासाठी साधारण अडीच किलो शिसं कमी लागतं. पण ड्रायसूट आणि आतले जाड कपडे त्याहून जास्त वर उचलतात, म्हणून आकडा अंदाजाने धरू नका. काठाजवळ, टँक जवळपास रिकामा असताना तपासा.

जुलैमध्ये वरचं पाणी सुखाचं असतं, पण थर्मोक्लाइनखाली, म्हणजे पाणी एकदम गार होतं त्या थराखाली, चार-पाच अंश. टँकमधली हवा दाब कमी होताना गार होते, रेग्युलेटरमधली (श्वासाला हवा देणाऱ्या यंत्रातली) ओल गोठते आणि तो उघडाच राहतो: फ्री-फ्लो. म्हणून सील केलेला, थंड पाण्याचा फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टँकवर बसणारा भाग) घ्या. बोटीवर रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघू नका, हवा सोडणारं पर्ज बटण दाबू नका, आणि श्वास घेताघेता ड्रायसूटमध्ये हवा भरू नका. भरायची तर थोडी थोडी.

शंभर फुटांवर फ्री-फ्लो झाला तर टँक काही मिनिटांत संपतो. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा धरा, खाली दाबाच्या पटीत जास्त: एक मिनिट खाली, नऊ मीटर प्रतिमिनिट वेगाने वर, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा आणि मग पृष्ठभाग, एकाला सुमारे ३६० लिटर. तेरा घनफुटांच्या पोनी टँकमध्ये (सोबतच्या छोट्या राखीव टँकमध्ये) जेमतेम तेवढीच मावते, आणि घाबरलेला माणूस वीस लिटरवर थांबत नाही. तीस घनफुटांचा घ्या. जोडीदाराला हवा द्यायची वेळ आली तर दोघांचे ७२० लिटर, म्हणजे अकरा लिटरच्या टँकमध्ये जवळपास ७० बार दाब. दाबाच्या मीटरचा काटा तिथे पोचण्याआधी वर यायला सुरुवात झालेली असावी.

जहाजावरून काहीही उचलू नका, ताटलीचा तुकडासुद्धा. कायद्याने गुन्हा आहे. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तासांनी ठेवा, म्हणजे रविवारी सकाळी पाण्यात उतरलात तर सोमवारी दुपारचं तिकीट.