सातारकरांचं गुहागर: नदी एक, समुद्र दोन

मे महिन्यात सातारकरांना सुट्टी नसते, पाहुणे असतात. कुणाला कास दाखवा, कुणाला महाबळेश्वर फिरवा, यातच महिना सरतो. यंदा पाहुण्यांचे फोन यायच्या आत आम्ही आठवडाभरासाठी गुहागर ठरवून टाकलं. "आठवडाभर समुद्राकडं बघत बसायचं?" सासूबाईंनी विचारलं, आणि लगेच कंदी पेढे नि कांदालसूण चटणीचा डबा भरायला घेतला.

उंब्रजला हायवे सोडून मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगर गाठलं. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हेळवाकपर्यंत गप्प होते. कुंभार्ली घाट लागला आणि त्यांचा बांध फुटला. कोयना उगम पावते महाबळेश्वरला, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिच्याबरोबर पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पण शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, जे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं बरंचसं बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीकडं उतरताना वीज देतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळून अरबी समुद्राला जातं. "म्हणजे नदी एक, समुद्र दोन! चिपळूणची वाशिष्ठी भर उन्हाळ्यात वाहते ती आपल्या जिवावर." पोरं ऐकत होती, पण करवंदांचे द्रोण दिसेपर्यंतच. चिपळूणच्या पुलावर अण्णांनी खाली बोट दाखवलं, "बघा, आपलं पाणी!" पुढं आठवडाभर हे वाक्य आमची पाठ सोडणार नव्हतं.

गुहागरची घरं रस्त्याकडून समुद्राकडं लांबलचक पसरलेली. पुढं ओटी, मागं विहीर, मग नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की सुरूचं बन नि थेट वाळू. आमचा मुक्काम अशाच एका घरात, खालचा पाट नावाच्या वस्तीत होता. अंगणात रातांब्यांची सालं वाळत घातलेली. घरमालकीण काकू ती रोज रसात बुडवून पुन्हा उन्हात पसरायच्या. अशी पुटं चढली की त्याची काळी आमसुलं होतात. थोरल्यानं त्या कामात हात घातला आणि त्याची बोटं शेवटपर्यंत जांभळी राहिली. जेवणाबद्दल काय लिहू? घावन, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, वर सोलकढी. घरमालक काकांनी मात्र आमची चटणी भाकरीबरोबर खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी "छान आहे" म्हणत राहिले.

या काकांनीच आम्हाला भरतीचं गणित शिकवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, तिला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल ती भरतीची साधारण वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीकडं भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. धाकटी दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना वेळा सांगत सुटली. शाळेत अपूर्णांकांवर रडणारी पोरगी ही! पाण्यात उतरायचा काकांचा नियम वेगळा आणि कडक: ओहोटी लागली की बाहेर, आणि एरवीही कमरेच्या वर नाही.

या गणिताचं चीज झालं हेदवीला. संकष्टी होती, म्हणून सासूबाईंना दशभुजा गणपतीचं दर्शन हवंच होतं. देवळात ही गर्दी! तिथून बामणघळीला पोचलो ते बरोबर तीनच्या सुमारास. काळ्या खडकात चिंचोळी भेग आहे. लाट आत शिरते, क्षणभर काही होत नाही, मग आतून दणका ऐकू येतो आणि पाणी उसळून वर येतं. भिजायला नको म्हणून लांब थांबलेले अण्णाच सगळ्यांत जास्त भिजले. आम्ही निघताना एक कुटुंब सांगत होतं, मागच्या खेपेला ओहोटीला आलो, नुसता खडक बघून गेलो. उसळी बघायची असेल तर तिथी बघूनच जा. खडक निसरडा असतो, कडेला मात्र जाऊ नका.

वेळणेश्वरही पाहिलं. किनारा सुरेख, पण दुपारी पाय भाजले.

अण्णांचा खरा दिवस अंजनवेलचा. गोपाळगडावरून वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. ते तिथं इतका वेळ उभे राहिले की सासूबाईंनी दोनदा हाक मारली. मग धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळला गेलो. गाडीसकट बोटीत चढायचं पोरांना भारी अप्रूप. खाडीच्या मध्यावर अण्णा पुन्हा, "हे सगळं आपलं पाणी!" धाकटीनं कठड्यावर उडालेले थेंब बोटानं चाटून बघितले.

"अण्णा, आपलं आहे तर खारट कसं?"

"संगत," अण्णा म्हणाले आणि पलीकडं दाभोळच्या अंडा मशिदीकडं बघायला लागले.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: सकाळचं जेवण आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नारळ खवण्यापासून सगळं घरी होतं. संकष्टीचे मोदक आम्ही आधी सांगितले म्हणून मिळाले. शेजारच्या खोलीतल्या पुणेकरांनी ऐन वेळी मागितले, तर काकूंनी शांतपणे त्यांच्या पानात पिठलं वाढलं.