रात्री कोण बसणार?

बरा न होणारा पेशंट घरी आणून सांभाळता येईल का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेले पेशंट बघणारी नर्स. हे कळलं की लोक हमखास विचारतात, "घरी आणलं आणि रात्री त्रास वाढला तर?"

औषधाचं जमवता येतं. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या घरी देता येतात. साधी गोळी दर चार तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध. मधेच कळ आली तर डॉक्टरांनी काय द्यायला सांगितलंय, तो कागद भिंतीला चिकटवून येते. अडतं ते माणसांवाचून. कुशीवर वळवायला दोघं लागतात, आणि घरात बहुतेकदा एकटी सून असते.

एका मावशींना तोंडाचा कॅन्सर होता. गालाच्या जखमेला इतका वास, की शेजारणी दारातूनच चौकशी करून परतायच्या. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मेट्रोनिडाझोलच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्या कुटून ती पूड जखमेवर घालायला लागलो. काही दिवसांत वास उतरला. समोरच्या काकू पहिल्यांदाच आत येऊन पलंगावर टेकल्या आणि सून दोन तास गाढ झोपली. पुढे काकूंनीच गल्लीत रात्रींच्या पाळ्या लावल्या.

शेजाऱ्यांनी मिळून पेशंट सांभाळणं केरळात पद्धतशीर उभं राहिलं. 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी कोझिकोडला पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करण्याचं काम सुरू केलं. पण मूठभर डॉक्टर घरोघरी कसे पुरणार? मग मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच शिकवलं. ते पेशंट शोधतात, थोडे थोडे पैसे गोळा करतात, घरात तांदूळ आहे का, पोरांच्या वह्या आल्या का, तेही बघतात. केरळ सरकारचं यासाठीचं धोरण आलं 2008 मध्ये, आणि पंचायतींनी नर्स नेमल्या. मला सगळ्यात पटतं ते हे, की तिथला स्वयंसेवक म्हणजे दवाखान्याचा बिनपगारी मदतनीस नव्हे. काय करायचं हे ठरवण्यातही त्याचा वाटा असतो.

म्हणून पलंग आणि ऑक्सिजनची चौकशी करण्याआधी कुठल्या रात्री कोण बसणार, त्यांची नावं वहीत लिहा. मृत्यूचा दाखला कोण देणार, हेही ओळखीच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

मावशी गेल्या त्या रात्री काकूंचीच पाळी होती. पहाटे फोन त्यांनीच केला. मी पोचले तेव्हा सून सासूचे केस विंचरत होती आणि काकू आत चहा टाकत होत्या.