अफरवट : गंडोलाने वर, पायी खाली

गुलमर्गला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी घरांत अफरवटवरचे फोटो सापडतात. अफरवट हा डोंगर मात्र फारसा कुणी बघितलेला नसतो. गंडोलाने, म्हणजे केबल कारने, वर जायचं, बर्फात फोटो काढायचे, मॅगी खायची आणि त्याच डब्यातून परत. आम्ही जूनच्या अखेरीस गेलो तेव्हा पायी उतरलो. परतीचं तिकीट वाया जातं. जाऊ द्या.

अफरवट पीर पंजाल रांगेतला. गुलमर्ग 2,650 मीटरवर. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडुरीला उतरवतो, दुसरा थेट 3,950 मीटरच्या आसपास. श्रीनगर कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही किंचित खाली आहे. तिथून निघून एकाच सकाळी इतकं वर आलं की डोकं ठणकणारच. आदली रात्र गुलमर्गमध्येच काढा. तिकिटं ऑनलाइनच मिळतात, तीही लवकर संपतात. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, म्हणून सकाळची वेळ घ्या. प्रीपेड सिम काश्मीरबाहेरचं असेल तर तिथे चालत नाही. ग्रुपमध्ये एक तरी पोस्टपेड हवं.

वरच्या स्टेशनबाहेर घोळका असतो. शंभर पावलं चाललात की संपतो. पलीकडे नियंत्रण रेषा जवळ असल्याने लष्कराचा वावर आहे. ओळखपत्र खिशात ठेवा आणि कॅमेरा चौक्यांकडे वळवू नका. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला 8,126 मीटरचा नंगा पर्वत दिसतो. दुपारी ढग भरतात, मग काही नाही.

अलपथर तळ्याकडे जाताना स्थानिक वाटाड्या घ्याच. धुक्यात दगडांच्या खचातली वाट दिसत नाही, आणि जूनमध्येही मध्ये बर्फाचे पट्टे लागतात. काठावर बर्फाच्या लाद्या एकमेकींवर घासत होत्या. पाण्यात बोट बुडवून कुणी दहा आकडे मोजू शकलं नाही.

खरी मजा तळ्यावरून खिलनमर्गच्या कुरणाकडे उतरताना. आधी नुसते दगड, मग गवत, मग भूर्ज, आणि खाली उंच फर वृक्षांची गर्दी. भूर्जांपाशी थांबा. बुंधा मुळापासून आधी उताराकडे लवतो आणि मग वळून वर जातो. हिवाळाभर सरकणाऱ्या बर्फाने रोपटं असताना दाबलेलं असतं त्याला. जिथे झाडंच नाहीत अशा उभ्या पट्ट्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच हिमस्खलनाच्या वाटा.

स्कीइंगवाले याच उतारांसाठी जगभरातून येतात. पश्चिमेकडून येणारे ओलसर वारे पीर पंजालला अडतात आणि भरपूर बर्फ टाकतात. उंचीमुळे तो कोरडा, भुसभुशीत राहतो. स्की क्लब ऑफ इंडिया इथे 1927 मध्ये ब्रिटिशांनी सुरू केला. तेव्हा गंडोला कुठला, स्की घेऊन खिलनमर्गपर्यंत चढायचं आणि एकदाच घसरायचं! 1948 मध्ये लष्करी अधिकारी थिमय्यांनी इथे लष्कराची स्की शाळा काढली, तिचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. गंडोलाचा पहिला टप्पा 1998 चा, दुसरा 2005 चा. तेव्हापासून हा डोंगर परदेशी स्कीअर्सच्या तोंडी आहे.

आपल्यातले हौशी हिवाळ्यात जाणार असतील तर एवढंच: टंगमर्गच्या पुढे बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीत बसावं लागतं, तिथेच बूट-कोट गळ्यात मारणारेही भेटतात. भाडं आधी ठरवा, आणि कोट घरचाच न्या. अफरवटच्या आखलेल्या पट्ट्याबाहेर वाटाड्याशिवाय, हिमस्खलनातून बचावाची साधनं नसताना अजिबात जाऊ नका. फेब्रुवारी 2023 मध्ये इथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्यांनी खाली गुलमर्गच्या कुरणातला सौम्य उतार धरावा. नीट शिकायचं असेल तर गुलमर्गच्या सरकारी स्कीइंग संस्थेत हिवाळ्यात वर्ग असतात. अर्ज आधीच करा, जागा मोजक्या असतात.