क्लीनर बाजू

शनिवार, रात्री साडेदहा

पालखी पुण्यात यायला पंधरा दिवस उरलेत आणि गाडी अंगणात ठोकळ्यांवर उभी आहे.

गाडी म्हणजे अण्णांची ४०७. टाटांनी हे मॉडेल १९८६ साली आणलं. आमच्याकडे आली ती बरीच नंतर, दुसऱ्या हाताची. पुण्यात हिला कुणी ट्रक म्हणत नाही. इथे सामान वाहणारी छोटी गाडी म्हणजे टेम्पो, मग ती कुठल्या का कंपनीची असेना. शब्द मूळचा हॅम्बुर्गच्या एका कंपनीचा, तो आकुर्डीच्या बजाज टेम्पोने आपल्याकडे इतका रुजवला की २००५ मध्ये त्या कंपनीने स्वतःचं नाव फोर्स मोटर्स केलं तरी लोकांच्या तोंडचा टेम्पो काही गेला नाही. अण्णा मात्र हट्टाने ‘आपला ट्रक’ म्हणतात. तीस वर्षं चालवल्यावर तेवढा मान ते मागणारच.

दरवर्षी वारीत ती एका दिंडीचं सामान घेऊन जाते. राहुट्या, शेगड्या, पातेली, पिठाची पोती. गेल्या वर्षी बोपदेव घाटात तिने जीव टाकला. इंजिन ओरडतंय, गाडी रांगतेय आणि केबिनमध्ये जळका वास. क्लच स्लिप मारत होता, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नव्हती. धाकट्या भावाने कशीबशी सासवडला नेली आणि मग वर्षभर शहरातल्या सपाट रस्त्यांवर चालवून विषय ढकलला. आता गॅरेजवाले पालखीनंतरची तारीख देताहेत. वर हौद्याच्या फळ्या कुजून दोन ठिकाणी खालचा रस्ता दिसतो.

म्हणून दोन्ही कामं घरीच करायची ठरली. धाकटा गाडीखाली, मी लाकडात, अण्णा खुर्चीत.

आजचा दिवस खरेदीत गेला. भवानी पेठेत टिंबर मार्केटला मलेशियन साल बघितलं. अण्णांना सागवानच हवं होतं. घनफुटाचा भाव ऐकल्यावर ते म्हणाले, “साल चांगलं असतं.” तिथून नाना पेठेत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग. एका पेठेत लाकूड, शेजारच्या पेठेत क्लच. पंधरा दिवसांनी याच दोन पेठांत पालख्या मुक्कामाला असतील, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. तेव्हा इथे गाडी घालायची म्हटलं तर कुणी वेड्यात काढेल.

गाडीखालचे ठोकळे मी कापले. दोन आडवे, त्यावर दोन उभे, पुन्हा दोन आडवे. अण्णांनी प्रत्येकावर पाय देऊन बघितला. “जॅकवर गाडी ठेवून आपल्यात कुणी आत जात नाही,” हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतोय. आज धाकट्याच्या मुलानेही ऐकलं.

रविवार

सकाळी जुन्या बाजारात. क्लच बसवताना प्लेट बरोबर मध्यावर धरायला एक डमी शाफ्ट लागतो. मेकॅनिक लोक भंगारातल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे प्लेटमधून इंजिनाकडे जाणारा दांडा, वापरतात. तो काही मिळाला नाही. खरं सांगायचं तर मी फार शोधलाही नाही. मनात आधीच ठरलं होतं की हा शाफ्ट आपण लाकडाचा करायचा. एका मोडक्या पलंगाचा सागवानी खूर मिळाला, तो घेऊन आले.

दुपारी हौद्याच्या फळ्या. आमच्या हौद्यात त्या आडव्या बसतात. अकरा फळ्या, प्रत्येकीला सहा बोल्ट, म्हणजे सहासष्ट भोकं. प्रत्येक भोक टेपने मोजत बसलं तर सातव्या फळीपर्यंत डोळे मिटायला लागतात, म्हणून मी प्लायच्या पट्टीचा जिग केला. पट्टीत सहा भोकं, प्रत्येकात लोखंडी पाइपचा तुकडा बुशसारखा ठोकलेला. पट्टी फळीवर ठेवायची, टोकाची आडवी खाप फळीच्या टोकाला टेकवायची, ड्रिल बुशमध्ये घालायचं, संपलं. भोसरीतल्या कारखान्यात मी हेच काम करते, फक्त तिथे ते लोखंडात असतं. नवीन आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते की हत्याराला वाट दाखवतो तो जिग, आणि नुसतं काम धरून ठेवतं ते फिक्स्चर.

आठ फळ्या मी केल्या. मग चहाला आत गेले आणि उरलेल्या तीन धाकट्याने केल्या. त्याने पट्टी टोकाकडून टोकाकडे उलटी लावली.

एरवी काही बिघडलं नसतं. पण आमच्या गाडीचा क्लीनर बाजूचा (ड्रायव्हरच्या पलीकडचा, डावा) चॅनेल, म्हणजे फळ्यांखालचा लांब लोखंडी आधार, कधीतरी बदललेला आहे आणि तो बावीस मिलिमीटर आत बसवलाय. दोन्हीकडची भोकं सारखी नाहीत. बरं, फळीच फिरवून घ्यावी तर कडेची अर्धी खाच उलट बाजूला जाते आणि शेजारच्या फळीत बसत नाही. तीन फळ्या, अठरा भोकं.

मी ओरडले. मठ्ठ म्हणाले. पंचेचाळिशीच्या माणसाला, त्याच्या पोरासमोर.

तो काही बोलला नाही. ड्रिल खाली ठेवलं आणि हात धुवायला गेला.

रविवार, उशिरा

झोप येत नाही.

चूक करताच येऊ नये अशी रचना करण्याला कारखान्यात पोका-योके म्हणतात. आधी जपानीत त्याला बाका-योके म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. १९६०च्या दशकात शिगेओ शिंगो यांनी ते नाव बदललं, कारण यंत्रावर काम करणाऱ्या बाईला ते लागलं. पोका म्हणजे नजरचूक. मी हा किस्सा दर सहा महिन्यांनी ट्रेनिंगमध्ये सांगते, रंगवून सांगते. कारखान्यातल्या जिगमध्ये मी एक पिन अशी ठेवते की उलटा लावला तर तो बसतच नाही. घरच्या पट्टीला मी नुसती टोकाला एक खाप मारली होती. ती कुठल्याही टोकाला टेकते. का तशी सोडली? कारण ती पट्टी मी माझ्यासाठी केली होती आणि मला काय, बाजू माहीत आहे.

सकाळी त्याच्याशी बोलायला हवं. काय बोलणार ते ठाऊक नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत म्हणजे कपात थोडा जास्त चहा.

सोमवार

भोकांत खुंट्या ठोकून मरीन फेव्हिकॉल भरला. जिगच्या कडेला आणखी एक पट्टी मारली. ती अर्ध्या खाचेत अडकते, त्यामुळे आता तो एकाच बाजूने बसतो. वर पेन्सिलने लिहिलं, ‘क्लीनर’. धाकट्याने वाचलं. “ड्रायव्हर पण लिही की, नाहीतर मठ्ठांना कळायचं नाही.” हसला. माझी सुटका झाली असं वाटत नाही, पण चहा प्यायला.

बुधवार

दिवसभर पाऊस. शाफ्ट कातायला घरी लेथ नाही, म्हणून काल राउटरचा (लाकूड कोरणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या हत्याराचा) डबा केला. प्लायचा उघडा डबा, दोन टोकांना दोन खिळ्यांवर लाकूड टांगलेलं, वरच्या दोन कडांवरून राउटर सरकवायचा आणि दुसऱ्या हाताने लाकूड हळूहळू फिरवायचं. प्रत्येक फेरीत थोडं खाली. चौकोनी खूर हळूहळू गोल होताना बघण्यात जी मजा आहे ती मला सत्तावीस वर्षांच्या नोकरीत क्वचित मिळाली. अर्थात तिथे लाकडाचा वास नसतो.

मापं नव्या पार्टवरून घेतली. पायलट बेअरिंगच्या आतल्या भोकाचं एक, प्लेटच्या दातेरी भोकाचं एक, मागे धरायला मूठ. आई दारात उभी राहून बघत होती. “लाटणं करतेस होय?” मी म्हटलं, हो, अण्णांच्या ट्रकचं.

शनिवार

गिअरबॉक्स उतरला. ट्रॉली जॅकवर बसायला मी लाकडी खोगीर केलं होतं, बॉक्सच्या पोटाच्या आकाराचं. खोगीर भारी झालंय. (हे इथे लिहून ठेवते, कारण घरात कुणी म्हणालं नाही.) प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडण्याआधी फ्लँजवर खडूने रेघ मारायची अण्णांनी आठवण केली, म्हणजे तो होता तसाच परत बसतो.

जुनी प्लेट निघाली तेव्हा तिचं अस्तर रिव्हेटांपर्यंत गेलेलं. आत काळी भुकटी. धाकटा हवेचा पाइप घेऊन आला तशी मी त्याला अडवलं. जुन्या क्लच-ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ छातीत गेली तर बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधलं. अण्णा म्हणाले, “आम्ही तर फुंकायचो.” मग बराच वेळ गप्प होते.

रविवार

आजचा दिवस वाईट.

लाकडी शाफ्ट प्लेटमधून पायलट बेअरिंगमध्ये छान बसला. प्रेशर प्लेट आवळली, शाफ्ट ओढून काढला, गिअरबॉक्स खोगिरावर वर नेला. आत जाईना. शेवटचं बोटभर अंतर. हलवला, फिरवला, गिअरमध्ये टाकून मागून दाते फिरवले. धाकटा पाठीवर पडून, मी बाजूने, घाम डोळ्यांत. दीड तास गेला. एकदा वाटलं, बोल्ट लावून आवळूनच आत ओढावा. तसं केलं असतं तर प्लेटचा मधला भाग वाकला असता किंवा बॉक्सचा कान तुटला असता. धाकटा म्हणाला, “ताई, थांबू या.”

अण्णा खुर्चीतून उठले. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस चटईवर आडवा होऊन गाडीखाली सरकतो तेव्हा कुणी नको म्हणायची हिंमत करत नाही. बॉक्स खाली घ्यायला लावला. मधल्या भोकात बोट घातलं आणि सावकाश गोल फिरवलं. “प्लेट खाली बसलीय. क्लीनर बाजूला.” टॉर्च मारला. खरंच, प्लेटचं भोक आणि बेअरिंगचं भोक एकमेकांच्या मध्यावर नव्हते. केसभरच, पण नव्हते.

म्हणजे शाफ्ट चुकला. व्हर्नियर लावला तर जिथे प्लेट बसते तो भाग एका टोकाला दुसऱ्या टोकापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर बारीक. निमुळता. मी कातताना फक्त जाड टोकाकडे मोजलं होतं.

मग वर जाऊन डब्यावर स्केल ठेवली. डब्याची एक बाजू मी उरलेल्या साध्या कमर्शियल प्लायची केली होती. पाण्यात टिकणारं ते मरीन प्लाय, आयएस ७१० या मानकाचं. माझं होतं साधं ३०३. मंगळवारी रात्री मी तो डबा गच्चीच्या दारात ठेवला, पावसाची झड आली आणि प्लायची खालची कड एका टोकाला फुगली. डबा त्या टोकाला अर्धा मिलिमीटर उचलला गेला, पण खिळे जिथल्या तिथे. गोल वस्तूत अर्ध्याचं एक होतं, कारण चूक दोन्ही बाजूंना उमटते. हेही मी ट्रेनिंगमध्ये सांगते.

धाकट्याला खाली येऊन सगळं सांगितलं. प्लाय, पाऊस, अर्धा मिलिमीटर. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “म्हणजे डबा मठ्ठ होता?”

नाही म्हटलं. डबा नाही.

सोमवार

रजा टाकली. डब्याच्या कडांवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या मारल्या, दोन्ही टोकांना उंची सारखी केली, खुराच्या उरलेल्या तुकड्याचा दुसरा शाफ्ट कातला. या वेळी तीन ठिकाणी मोजला. अण्णांनी बोट फिरवून मान हलवली. गिअरबॉक्स चौथ्या मिनिटाला आत गेला. ‘खट्’ असा आवाज झाला आणि आम्ही तिघेही काही न बोलता तसेच बसून राहिलो.

गुरुवार

पहाटे कोंढव्यावरून बोपदेव घाटात. हौद्यात वाळूची पोती, केबिनमध्ये अण्णा मधे. दुसऱ्या गिअरमध्ये चढली. वास नाही, रांगणं नाही. वर थांबून अण्णांनी खाली उतरून पाटे, चाकं, बोल्ट बघितले आणि हौद्यात चढून नव्या फळ्यांवर पाय आपटला. तीन फळ्यांवरच्या खुंट्या दिसतात, पिवळसर ठिपक्यांसारख्या. त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. धाकट्याने सांगितलं, आणि स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. मी म्हटलं, पट्टी माझी होती. अण्णा म्हणाले, भजी खाऊ.

बुधवार

दिंडी सासवडला पोचली. धाकट्याचा फोन आला. गाडी मस्त चालली, वर चारशे भाकऱ्यांचं पीठ. मग हळूच म्हणाला, “ताई, तुझा तो पहिला शाफ्ट फेकला नव्हतास ना?”

नव्हता. गाडीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवला होता, मुद्दाम.

दिंडीतल्या मावशींना तो सापडलाय. ठेचा वाटायला घेतलाय. त्या म्हणतात एका टोकाला निमुळता आहे ते बरंय, पातेल्याच्या कडेपर्यंत पोचतो.

ग्रीस पुसलं होतं की नाही, ते मात्र मला आठवत नाही.